ल्यों की मार्सेय? तुम्ही विचारलंत म्हणून

“पॅरिस पाहून झालं की तीन रात्री हातात उरतात. ल्योंला जावं की मार्सेयला?” उन्हाळ्याची विमानतिकिटं काढायचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो. मी फ्रान्समध्ये ग्रनोब्लला राहते. विचारणारे बहुतेक आपलेच असतात: मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले आईवडील, नाहीतर त्यांना फिरवायला निघालेली मुलं. उत्तर आधीच सांगून टाकते. तीन रात्री असतील आणि बरोबर साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर ल्यों.

मार्सेय, म्हणजे आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस, मनात का असतं ते मला ठाऊक आहे. सावरकरांनी ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून उडी घेतली, पोहून धक्का गाठला, धावत सुटले आणि फ्रेंच पोलिसाच्या हाती लागले. त्याने त्यांना परत इंग्रजांच्या स्वाधीन केलं. ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने हे स्वाधीन करणं नियमाला धरून नव्हतं असं म्हटलं, पण सावरकरांना फ्रान्सला परत द्यायचं बंधन ब्रिटनवर नाही असंच ठरवलं. त्रिखंडात गाजलेली उडी म्हणून आपण हे लहानपणापासून ऐकत आलोय. ज्यांना तेवढ्यासाठी मार्सेयला जायचंय त्यांनी मला विचारूच नये, सरळ जावं. फक्त एक सांगते. बहुतेक जण व्यू-पोर म्हणजे जुन्या बंदराच्या काठावर उभे राहून फोटो काढतात आणि परततात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या आगबोटी त्या चिंचोळ्या बंदरात येत नव्हत्या. त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएतच्या बाजूने नव्या गोद्या बांधल्या होत्या. मेट्रोच्या दुसऱ्या लाइनवर जोलिएत नावाचंच स्टेशन आहे. तिथे उतरा आणि समुद्राच्या बाजूने चाला. मोठाल्या फेरीबोटी, कुंपणं, मालाच्या गाड्या दिसतील. बंदर अजून कामात आहे, आणि सावरकर ज्या प्रकारच्या धक्क्यावर चढले ते समजायला हीच बाजू खरी.

मग मार्सेय का नको? नको असं नाहीच. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला ग्रीकांनी वसवलेलं, फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर आहे ते. पण तीन रात्रींत ते हाती लागत नाही. त्याचं सगळ्यात मोठं वैभव म्हणजे कालांक, समुद्रात उतरलेले पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि त्यांच्यामधलं निळंशार पाणी. तिथे पोचायला निसरड्या दगडांवरून चढउतार करावी लागते. उन्हाळ्यात वणव्याची भीती असली की त्या वाटा त्या-त्या दिवशी बंद होतात, आणि सुजितोंच्या कालांकला भर मोसमात आधी नाव नोंदवावं लागतं. मिस्त्राल वारा सुटला तर बोटीही निघत नाहीत. सँ-शार्ल स्टेशनातून शहरात उतरणारा तो देखणा जिना १०४ पायऱ्यांचा आहे. तो सामान आणि दुखरे गुडघे घेऊन उतरायचा नसतो, हे आधी माहीत असलेलं बरं. चार-पाच रात्री असतील, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर असेल आणि पाय धडधाकट असतील, तर माझं उत्तर उलटं असेल.

ल्योंबद्दल सांगायला बसले की मी थांबत नाही, तेव्हा थोडं सोसून घ्या.

सोलापुरी चादर आपल्या प्रत्येक घरात असते. तिच्यावरची वेलबुट्टी जॅकार्डच्या मागावर निघते. पंचकार्डाला जिथे भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि कार्डांची माळ पुढे सरकत गेली की नक्षी आपोआप विणली जाते. येवल्याला आज पैठणी विणणारे कितीतरी जण हेच जॅकार्ड वापरतात. तो जोझेफ-मारी जॅकार्ड ल्योंचा, १७५२ चा जन्म. आधीच्या दोन-तीन कारागिरांच्या कल्पना जोडून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माग उभा केला. क्रवा-रुसच्या टेकडीवर मेझों दे कान्यु नावाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे जुन्या मागावर रेशीम विणून दाखवतात. माझ्या सासूबाई सोलापूरच्या. त्यांनी मागाचा खडखडाट ऐकला आणि दाखवणाऱ्या बाईंच्या आधी खुणेने कार्डाकडे बोट दाखवलं. त्यांना एक अक्षर फ्रेंच येत नाही. तरीही तिथे त्या दोघींचं बोलणं झालं, ते मी शेजारी उभी राहून पाहिलं.

त्या टेकडीवरच्या इमारती नीट बघा. छतं उंच, खिडक्या लांब. जॅकार्डचा माग जवळजवळ चार मीटर उंच असे, तो घरात मावावा म्हणून घरंच तशी बांधली. घर आणि कारखाना एकच. हे विणकर म्हणजे कान्यु. मजुरीचा किमान दर ठरवून मागितला आणि व्यापाऱ्यांनी तो पाळला नाही, म्हणून १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये ते रस्त्यावर उतरले आणि काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात होतं. “काम करत जगू, नाहीतर लढत मरू” असं त्यांच्या काळ्या निशाणावर होतं. १८३४ मध्ये पुन्हा उठले, तेव्हा सैन्याने फार रक्त सांडून ते मोडलं. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हा भाग एका ओळीत येतो. मला तो ल्योंचा गाभा वाटतो.

त्राबुल म्हणजे एका गल्लीतून घराच्या पोटातून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ. जुन्या शहरात सें-जाँ रस्त्यावर ५४ नंबरच्या दारातून शिरलात तर चौकामागून चौक ओलांडून थेट र्यू द्यु बफ या रस्त्यावर २७ नंबरला बाहेर पडता. टेकडीवरच्या बोळांतून रेशमाचे तागे पावसात न भिजता खाली नेता येत, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवणाऱ्यांच्याही हे बोळ कामी आले. वर लोक राहतात, त्यामुळे आत हळू बोलायचं. दार ढकललं आणि उघडलं नाही तर पुढच्या दाराकडे जायचं.

दुसरा धागा सिनेमाचा. सिनेमाचे जनक मानले जाणारे ल्युमिएर बंधू, त्यांचा फोटोच्या काचांचा कारखाना ल्योंच्या मोंप्लेझिर भागात होता. त्याच्या फाटकातून कामगार बाहेर पडताना १८९५ मध्ये त्यांनी चित्रित केले. कारखान्याची ती शेड अजून उभी आहे, आणि आज तीच सिनेमागृह आहे. शेजारच्या त्यांच्या कुटुंबाच्या हवेलीत संग्रहालय आहे. मेट्रोच्या डी लाइनवरच्या मोंप्लेझिर-ल्युमिएर स्टेशनातून वर आलात की समोरच. आता मुंबईकडे वळा: ७ जुलै १८९६ रोजी, पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळानंतर सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा ल्युमिएरांचा खेळ काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्या खेळांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. आपल्या सिनेमाची नाळ शोधत कुणी निघालं, तर त्या शेडपर्यंत पोचायलाच हवं.

चढाची काळजी इथे कमी. फुर्विएरच्या टेकडीवर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढणारी छोटी रेल्वे, जाते. वर उतरलात की बाझिलिक, म्हणजे मोठं चर्च, समोर, आणि थोडं खाली रोमन काळातलं नाट्यगृह. रोमनांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वसवलेलं लुग्दुनुम ते हेच. क्रवा-रुसला मेट्रोच चढते, सी लाइनला चढावर दातेरी रूळ आहे. मग उतारावरून चालत खाली यायचं. तेत द’ओरच्या बागेत तळं आहे, प्राणी आहेत, आणि तिकीट नाही. थकलेल्या दुपारी आईबाबांना तिथे बाकावर बसवून तुम्ही तासभर कुठेही जाऊन या.

शाकाहाराचं मात्र खरं ते सांगते, कारण दुसरा प्रश्न नेहमी तोच असतो. ल्योंची ख्याती खाण्याची, आणि बुशों म्हणजे तिथली पारंपरिक खाणावळ डुक्कर, आतडी, माशांचे केनेल म्हणजे मऊ गोळे यांच्यावरच चालते. शाकाहाऱ्याला तिथे सेर्वेल द कान्यु मिळेल: ताजं मऊ चीज, त्यात लसूण आणि हिरवी पात. ते विणकरांचं साधं खाणं, ब्रेडबरोबर फार छान लागतं. बटाट्याचं ग्रातँ म्हणजे भट्टीत भाजलेले काप मिळतील, लालगुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट मिळेल, पण त्यात अंडं असतं. पोटभर जेवायला लेबनीज किंवा भारतीय जागा शोधाव्या लागतात, त्या आहेत. याबाबतीत मार्सेय सरस. नोआयच्या बाजारात उत्तर आफ्रिकेचे मसाले, भाज्यांचा कुसकुस, आणि लेस्ताकच्या बाजूला पानिस: डाळीचं पीठ शिजवून, थापून, काप करून तळलेलं. आपल्या पाटवडीला तळलं तर जवळपास तसंच. मासे खाणाऱ्यांना बुयाबेस, म्हणजे माशांचं कालवण, आहेच, पण ते महाग, आणि बऱ्याच चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

महिना निवडता येत असेल तर ऑगस्ट टाळा. ल्योंच्या पुष्कळ खाणावळी तेव्हा सुट्टीवर जातात आणि उकाडाही असतो. ८ डिसेंबरच्या आसपास फेत दे ल्युमिएर हा दिव्यांचा उत्सव असतो, घराघराच्या खिडक्यांत दिवे लावतात. थंडी आणि गर्दी झेपत असेल तर जरूर या, पण हॉटेल कितीतरी महिने आधी धरा.

तिकिटाचं शेवटचं. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनातून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ल्यों साधारण दोन तास, मार्सेय तीनहून थोडं जास्त. बुकिंग करताना उतरायचं स्टेशन पार-दिय निवडा. स्वस्त दिसली म्हणून सेंतेक्झ्युपेरीचं तिकीट काढलंत तर विमानतळावर उतराल, आणि तिथून शहरात यायचे पैसे वेगळे. ल्योंहून मार्सेय पावणेदोन तासांवर आहे, म्हणून “सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ का?” असंही विचारतात. जोलिएतचा धक्का आणि नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चपासून दिसणारा समुद्र, एवढंच करायचं असेल तर हो, या. कालांकला जायचा विचार मात्र त्या दिवशी करू नका.