बर्लिनला सेमिस्टरसाठी जाताय? आधी पत्ता पक्का करा

सोलापुरातून एक्स्चेंजवर, म्हणजे एखाद्या सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात, निघालेल्या मुलांची तयारी बहुतेक वेळा व्हिसा, तिकीट आणि बॅग यांच्याभोवती फिरते. बर्लिनला जायचं असेल तर या तिन्हींच्या आधी राहायची जागा बघा. नुसती झोपायची सोय झाली म्हणून भागत नाही, त्या पत्त्यावर तुमची सरकारी नोंद होऊ शकली पाहिजे.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात होते. सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि 'हा माणूस इथे राहायला आला आहे' असं घर देणाऱ्याने सहीनिशी लिहून दिलेला कागद लागतो. हा शेवटचा कागद नसेल तर नोंद होत नाही. मग टॅक्स क्रमांक अडतो, काही बँकांत खातं अडतं, व्हिसाची मुदत वाढवायची असेल तर तेही अडतं. पर्यटकांसाठीची हॉस्टेलं आणि थोड्या दिवसांच्या खोल्या देणारे लोक बहुधा हा कागद देत नाहीत. जाहिरातीत 'नोंदणी होणार नाही' असं लिहिलं असेल, तर भाडं कितीही कमी असो, ती खोली सोडून द्या.

ब्युर्गरआम्टची वेळ निघण्याआधी सोलापुरातूनच ऑनलाइन घ्या. शहरातलं कुठलंही कार्यालय चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. कुणी रद्द केलेल्या वेळा मधूनच मोकळ्या होतात, म्हणून पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहायचं. १४ दिवसांतली वेळ मिळालीच नाही, तर पुढची मिळेल ती घ्या आणि वेळ घेतल्याची पावती जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट इथे कुणी सांगत नाही. तिकडच्या इमारतींत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून टपाल टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल, तर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स क्रमांकाचं पत्र, सगळं परत जातं, आणि तुम्हाला कळतही नाही. खोलीची किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवा. स्पेलिंग पासपोर्टवरचंच हवं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. सगळ्या अर्जांत पासपोर्टचाच क्रम ठेवा.

खोलीसाठी पहिला अर्ज तिकडच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागामार्फत विद्यार्थी वसतिगृहाला करा, तोही स्वीकृतिपत्र आलं त्याच आठवड्यात. तिथे जमलं नाही तर चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली शोधायची. भाडं विचारताना 'काल्ट' की 'वार्म' हे आधी विचारा. काल्टमध्ये नुसत्या जागेचं भाडं असतं, वार्ममध्ये साधारणपणे हीटिंग आणि पाणीही धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. घरमालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, पैसे आधी पाठवा, असं कुणी म्हणत असेल तर ती फसवणूक समजा.

पैशांचं गणित इथेच चुकतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. मुक्काम कमी महिन्यांचा असेल तर त्या हिशेबाने. हे पैसे एकदम मिळत नाहीत. तिकडे चालू खातं उघडलं की त्यात दरमहा हप्त्याने येतात. अनामत आणि पहिलं भाडं मात्र त्याआधीच द्यावं लागतं. म्हणून अनामत अधिक दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डवर वेगळा ठेवा. घरी कर्ज काढताना ही रक्कम सुरुवातीलाच धरा. आरोग्य विम्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात, तेही याच ९९२ मधून. भारतीय सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक हा खरा पेच आहे. तिकडचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. इकडे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते तेव्हा तिकडे परीक्षेची तयारी ऐन भरात असते, आणि इकडचं पुढचं सेमिस्टर तोवर सुरू झालेलं असतं. परत आल्यावर हजेरी आणि अंतर्गत गुणांचं काय, हे विभागप्रमुखांकडून जाण्याआधी लेखी घ्या. कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला विषय धरणार, तेही त्याच पत्रात हवं. पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं, म्हणजे युरोपातल्या ३० क्रेडिट्सचं असतं. तिकडे बहुतेक ठिकाणी विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची तारीख चुकली की सेमिस्टरभराची मेहनत असली तरी बसता येत नाही. श्रेणीत १.० सर्वोत्तम, ४.० ला पास. आकडा लहान दिसला म्हणून घरच्यांनी घाबरू नये.

सामानात शेंगा चटणी आणि कडक भाकरी जरूर न्या. चटणीला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बंद करा. भाकरीचा चुरा होऊ नये म्हणून स्टीलचा डबा. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. इथले टेरी टॉवेल दोन घ्या. चादर एक पुरे, खोल्या गरम असतात.

या गरम खोलीचंही एक तंत्र आहे. थंडीत खिडक्या कायम बंद ठेवल्या, आत कपडे वाळवले, वर रोज भाताची वाफ, की भिंतीला बुरशी येते आणि तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. नुसती फट ठेवली तर भिंत गार पडते आणि ओल उलट वाढते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून दुपारी थोडं बाहेर पडायचं ठरवून टाका. मन खचत असेल तर विद्यार्थी सेवेचं समुपदेशन असतं, तिथे वेळ घ्यायला संकोच करू नका.

निघताना पत्त्याची नोंद रद्द करावी लागते. निघण्याआधीचा आठवडा ते नंतरचे दोन आठवडे, एवढाच तिचा काळ. ती पावती दाखवून रेडिओ-टीव्हीची दरमहा १८.३६ युरोची वर्गणी वेगळी बंद करा. ती घरामागे एकच असते. तुमच्या नावावर नसेल, तर घरातल्या सोबत्यांशी हिशेब मिटवा. गुणपत्रक उशिरा येतं, तेव्हा पत्ता सोलापूरचा देऊन ठेवा. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात. ती जमा होईपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका.