आषाढाचं वारं आणि साडेसहाचं शीड

आषाढ लागला की आमच्या बालाघाटच्या पठारावर पाऊस हुलकावणी देतो, पण वारं चुकत नाही. घाटावर पाणी सांडून मोकळं झालेलं हे वारं दिवसभर माळावर घोंघावत असतं. बीड-धाराशिवकडच्या पवनचक्क्या त्याच्याच जिवावर फिरतात. गोव्यात दहा दिवस विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर पळणं, शिकून आलो, तेव्हा पहिला विचार हाच आला की असं वारं दारात असताना समुद्रापर्यंत कशाला जायचं?

पाणी म्हटलं की आपल्याकडं आधी नाथसागर डोळ्यांसमोर येतो. पण ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथं शीड घेऊन जायचं मी मनातसुद्धा आणलं नाही. आमच्या गावाजवळच्या साठवण तलावासाठी परवानगी काढली. लाइफ जॅकेट अंगात, चुलतभाऊ दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन काठावर, आणि पाणी सोडायच्या विहिरीकडं फिरकायचं नाही, एवढं ठरवून सुरुवात केली.

माझ्याकडं गोव्यातून घेतलेला जुना संच होता. १४५ लिटरचा बोर्ड (लिटरचा आकडा म्हणजे ती फळी पाण्यावर साधारण किती किलो तोलते), साडेसहा चौरस मीटरचं शीड आणि ४४ सेंटिमीटरची फिन, म्हणजे बोर्डाखालचं पातं. तिथं दुपारच्या बारा-चौदा नॉटच्या वाऱ्यात हाच संच कसा अलगद पळायचा! (नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर.) इथं काठावर वेग मोजायच्या यंत्रानं पंधरा-सोळा नॉट दाखवले. मी निघालो. तलावाच्या मध्यावर पोचलो आणि झोत आला. शिडानं मला बोर्डावरून उचलून पुढं फेकलं. परत चढून शीड पाण्याबाहेर ओढायचा, तर तेवढ्यात पुढचा झोत. दहा-बारा वेळा असं झालं, हातातलं बळ गेलं आणि मी बांधाच्या दगडी पिचिंगकडं वाहत निघालो. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी आवरणारे एक काका आले, त्यांनी दोर लावून मला कडेला आणलं.

"पोरा, एवढं मोठं फडकं कशाला लावलंस?" काका म्हणाले. "तिकडं मधी पाणी पांढरं व्हायलंय, दिसंना का? असल्या वाऱ्यात आम्ही जाळं बी टाकत न्हाईत."

त्या रात्री हिशोब मांडला. वारं १४ नॉटवरून २० वर गेलं तर आकड्यात फरक सहाचाच दिसतो, पण शिडावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १४ चा वर्ग १९६, वीसचा ४००. म्हणजे जोर दुप्पट. माझं वजन ६८ किलो. मध्यावरच्या वीस-बावीस नॉटला मला ४.७ च्या आसपासचं शीड हवं होतं आणि मी साडेसहाचं घेऊन गेलो होतो.

जुनं ४.७ चं शीड मिळालं. विकणाऱ्यानं "चालतंय" म्हणून सोबत ४६० सेंटिमीटरचा मास्ट, म्हणजे शिडाचा उभा दांडा, दिला. बसवला तर मास्ट शिडाच्या टोकातून हातभर वर! तरी तसाच घेऊन पाण्यात गेलो, ही माझी चूक. लांब मास्ट ताठही असतो. मास्ट वाकला तर झोत आल्यावर शिडाचा वरचा भाग मागं उघडतो आणि जास्तीचं वारं निघून जातं. माझा वाकतच नव्हता, त्यामुळं प्रत्येक झोत सरळ खांद्यात यायचा. खरं तर कोणता मास्ट लागतो ते शिडावरच छापलेलं असतं, लांबी आणि ताठपणाचा आकडा दोन्ही. या शिडाला ४०० सेंटिमीटरचा मास्ट हवा होता. तो मिळवण्यात तीन आठवडे गेले, आणि वाऱ्याच्या हंगामातले तीन आठवडे म्हणजे फार झाले.

आता शीड ताब्यात आलं, तर बोर्ड उधळायला लागला. वेग घेतला की एका कडेवर उभा राहायचा. दोष फिनचा होता. पाण्यातून वेगानं जाताना फिन पंखासारखी उचल देते. शीड लहान, वेग जास्त आणि फिन मोठी असली की ही उचल आवरत नाही. ३० सेंटिमीटरची फिन लावली आणि बोर्ड पाण्याला चिकटला. आमच्या तलावासाठी तर हे दुहेरी कामाचं. वारं येतं तेव्हा तलाव तळाला गेलेला असतो, कडेला वेड्या बाभळीची खोडं टोचतात. ४४ ची फिन दोनदा अडकून मी तोंडावर आपटलो होतो.

मग उरली ती ताणाताणी, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं तिनंच. डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ओढणारा दोर, मी भीतभीत ओढायचो. जोरदार वाऱ्यात तो इतका ताणायचा की काठावर आडवं ठेवलेलं शीड मागच्या कडेला वरून ढिलं, सुरकुतल्यासारखं दिसावं. आधी वाटायचं, शीड बिघडलं. पाण्यावर तेच शीड निम्म्या वजनाचं वाटतं. आउटहॉल, म्हणजे शीड मागं ओढणारा दोर, थोडा ओढून शिडाचं पोट सपाट केलं, बूम, म्हणजे हातात धरायचा आडवा दांडा, हनुवटीवरून खांद्याच्या उंचीला आणली, मास्टचा पाया दोन बोटं पुढं सरकवला, म्हणजे बोर्डाचं नाक खाली राहतं. हार्नेसचे, म्हणजे कमरेचा पट्टा अडकवायचे, बूमवरचे दोर मात्र मागं घ्यावे लागले, कारण मागचाच हात भरून यायचा.

पुढच्या वर्षी बोर्ड बदलला. ८५ लिटरचा स्वस्तात मिळत होता, मी १०५ घेतला. डोंगराआडून येणारं आमचं वारं एका दमाचं नाही, मध्येच पडतं. मी, शीड आणि बोर्ड मिळून ८५ किलोच्या घरात जातो. ८५ लिटरचा बोर्ड अशा वेळी पायाखाली बुडाला असता आणि पोहत यावं लागलं असतं. १०५ वर तोल सांभाळत उभं राहून परत येता येतं.

आता शीड जोडायच्या आधी मी पंधरा मिनिटं नुसता बसतो. काठावरचा आकडा बघतो, पण भरवसा मध्यावरच्या पाण्यावर ठेवतो. पांढरे तुरे अधूनमधून दिसले तर साडेसहाचं, सगळीकडं दिसले तर ४.७ चं. काका जवळ असले तर तेही बघतात. शिडांना त्यांनी थोरलं आणि धाकटं अशी नावं ठेवली आहेत. यंदा आषाढात सलग अकरा दिवस "धाकटंच लाव" म्हणाले. भाद्रपदात तलाव भरला आणि वारं पडलं. धाकटं धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवलंय.