तुम्ही विचारलंत म्हणून : डाग कितव्या कॅनवर आहे?

शीतपेयांच्या ॲल्युमिनियम कॅनवर छपाई करणाऱ्या यंत्राची देखभाल मी करतो, हे समजले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मिनिटाला हजाराच्या वर कॅन छापले जात असताना नेमका बिघाड कुठे आहे, हे तुम्हाला कळते तरी कसे?

मोजून कळते. या यंत्रात प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. सगळ्या प्लेटा आपापला रंग एकाच रबरी ब्लँकेटवर उतरवतात आणि मॅन्ड्रेल नावाच्या दांड्यावर चढवलेला कॅन त्या ब्लँकेटवरून एकदाच फिरून पूर्ण चित्र उचलतो. एका चाकावर बारा ब्लँकेट आणि दुसऱ्या चाकावर चोवीस मॅन्ड्रेल असतील, तर ओळीने काढलेले पन्नासेक कॅन त्याच क्रमाने टेबलावर मांडले की निम्मे काम होते. डाग प्रत्येक कॅनवर असेल तर प्लेट किंवा शाईचे रोलर पाहावेत, आणि दर बाराव्या कॅनवर असेल तर ब्लँकेट. डाग चोविसाव्यावर येतो, पण त्याच ब्लँकेटवरचा मधला बारावा कॅन मात्र स्वच्छ निघतो, असे दिसले तर दोष मॅन्ड्रेलचा असतो.

मॅन्ड्रेलचे बेअरिंग जड झाले की तो ब्लँकेटच्या वेगाने फिरत नाही, कॅन किंचित घसरतो आणि अक्षरांच्या कडा फरफटतात. म्हणून यंत्र थांबलेले असताना प्रत्येक मॅन्ड्रेल हाताने फिरवून पाहावा. अडखळणारे बेअरिंग बोटांना लगेच कळते. (हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते टाळले जाते.)

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती कॅन न चढलेल्या मॅन्ड्रेलची. अशा वेळी तो ब्लँकेटपासून आपोआप मागे सरायला हवा. ती यंत्रणा चुकली तर शाई थेट मॅन्ड्रेलवर बसते आणि पुढच्या कॅनच्या आतल्या बाजूला लागते, जिथे पेय भरायचे असते. त्यामुळे कॅन ओळखणारा सेन्सर आणि कॅन धरून ठेवणारी निर्वात नळी यांची तपासणी मी कधीही पुढे ढकलू देत नाही.

छपाई फिकट दिसू लागली की दाब वाढवण्याचा मोह मात्र सर्वांनाच होतो. त्या शिफ्टपुरते चित्र ठसठशीत दिसते खरे, परंतु प्लेट लवकर झिजते, बारीक अक्षरे पसरतात आणि शेजारशेजारच्या रंगांमध्ये मुद्दाम ठेवलेली केसाएवढी फट बुजून रंग एकमेकांत मिसळतात. माझ्या मते दाबाला हात लावण्यापूर्वी रोलर थांबवून एकमेकांवर टेकवावेत आणि उमटणारी शाईची पट्टी पाहावी. ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल, तर रोलर तिरका बसला आहे, आणि तो सरळ करेपर्यंत दाब आहे तेवढाच राहू द्यावा.