तुंबलेला टब आणि मागचा गोल जिना

"दीकरा, फरशी तोडू नको हां," दार उघडल्या उघडल्या मायजींनी बजावलं. आधी येऊन गेलेल्या प्लंबरने टब काढायचा, खालची लादी उखडायची आणि सगळे पाइप नवे टाकायचे असा मोठा हिशेब त्यांच्या हातात ठेवला होता.

मुंबईतल्या ओव्हल मैदानासमोरची १९३०च्या दशकातली इमारत. त्या अख्ख्या रांगेला २०१८ साली जागतिक वारशात जागा मिळाली. बाथरूममध्ये तेव्हाचाच बीडाचा टब, वरून मुलामा. शंभर-दीडशे किलोच्या पुढेच असणार. तो हलवायचा म्हणजे चार माणसं लागणार आणि लादी फुटणार, हे ठरलेलंच.

पाणी पूर्ण तुंबलं नव्हतं, जात होतं, पण रडतखडत. मी आधी एकच विचारलं, "मायजी, यात काही ओतलंय का?" ओतलं होतं. लादी धुवायचं अॅसिड, आदल्या आठवड्यात. त्या अॅसिडने केस विरघळत नाहीत, उलट जुना बीडाचा पाइप मात्र आतून खाल्ला जातो. आणि त्यावर कुणी नळी साफ करायची कॉस्टिकची पावडर टाकली, तर उकळून अंगावर उडतं. म्हणून हातमोजे घातले आणि टबातलं पाणी मगाने बादलीत काढून टाकलं. मग साध्या पाण्याने टब दोनदा धुतला.

आता जाळी. पितळेची, मधे फुलीसारखे दांडे. अशी जाळी पान्याने फिरवायला गेलो तर आटेच तुटून हातात येतात, त्यामुळे तिला हातच लावला नाही. रबरी पंप मारला. टबाच्या वरच्या कडेला जादा पाणी जायचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने दाबून धरावं लागतं. नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. एवढं करूनही फरक पडेना.

जुन्या इमारतीत एक सोय असते, नव्या पाइपवाल्यांना ती सुचतही नाही. संडासाचा पाइप वेगळा आणि न्हाणीचा वेगळा. न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीवर उघड्या तोंडाच्या पेटीत पडतं, तिथून खाली उतरतं. पेटीजवळ जायला लोखंडी गोल जिना. पूर्वी सफाई कामगारांना घरात न घेता मागून चढवायचे, त्यासाठी तो बांधलेला. कारण वाईट होतं, पण आज तो माझ्या कामाला आला. हेल्परला जिन्यावर उभं केलं आणि टबात पाणी सोडलं.

"काका, करंगळीएवढीच धार आहे!"

शेजारच्या बेसिनचं पाणी त्याच पेटीत धो धो पडत होतं. म्हणजे मोठा पाइप मोकळा, अडथळा टब ते पेटी एवढ्याच तुकड्यात. लादी फोडायचा प्रश्नच मिटला.

वरच्या भोकाची पितळी चकती दोन स्क्रूंवर होती. ती काढून तिथून स्प्रिंग, म्हणजे पाइप साफ करायची मूठ लावलेली लांब लवचिक तार, सोडली. जाळीतून घातली असती तर फुलीत अडकली असती. इथून ती सरळ खाली ट्रॅपपर्यंत, म्हणजे टबाखालच्या वाकड्या पाइपापर्यंत उतरते. जरा पुढे गेल्यावर अडकली. जोर न करता मी मूठ फिरवत राहिलो. ओढताना जड लागली, आणि वर आला काळपट, बुळबुळीत गोळा. साबणाची साय आणि केस, सगळं एकमेकांत विणलेलं. वास सांगत नाही. बादलीत धुतला तर मधून पितळी मण्यांची साखळी निघाली, बुचाची. मण्यामण्याला केसांचं वेटोळं पडलेलं.

मायजी बघतच राहिल्या. "अरे, ए तर कवाची तुटली! मी तर वाटी ठेवते भोकावर."

साखळी आडवी बसली आणि तिच्यावर वर्षानुवर्षं थर चढत गेले. तिथे रसायन ओतून काय होणार? पुन्हा स्प्रिंग घातली, गंजाचे पोपडे आले. तेवढे येतील तेवढे काढले, जास्त खरवडलं नाही. जुन्या बीडाच्या पाइपला पडलेलं भोक कधीकधी गंजच बुजवून ठेवतो.

मग अर्धा टब भरून सोडला. मागून हेल्पर ओरडला, "काका, मनगटाएवढी धार पडतेय!"

भोकावर ठेवायला बारीक जाळी दिली, दर आठवड्याला केस काढा म्हणून सांगितलं आणि अॅसिडची बाटली बाथरूममधून हलवायला लावली. निघताना वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. तिथे टब कधीच भंगारात गेलाय, आणि नव्या शॉवरचा पीव्हीसी पाइप कुणीतरी जुन्या बीडात नुसता सिमेंट थापून घुसवलाय.