गार्गीचं डोकं आणि माझा लघुप्रबंध

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंधाला मी विषय दिला, ‘स्त्रीवाद आणि भारतीय तत्त्वज्ञान’. गाइडबाई म्हणाल्या, “अगं, यात चार पीएच.डी. होतील. एखादं पान निवड.”

मी बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी निवडली. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्य ऋषीला विचारत सुटते, पाणी कशात ओतप्रोत (म्हणजे विणलेलं), वारा कशात... ब्रह्मलोकापाशी येताच तो म्हणतो, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. झालं, बाईला गप्प केलं! पंधरा दिवसांत ४० पानं खरडली.

बाईंकडून ती पानं परत आली तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीने एक शब्द होता : “शाकल्य?”

मी पुढचं वाचलंच नव्हतं. त्याच अध्यायात गार्गी पुन्हा उठते, धनुष्याला लावलेल्या दोन बाणांसारखे दोन प्रश्न घेऊन. उत्तर ऐकल्यावर निकालही तीच देते : ब्राह्मणहो, याला नमस्कार करून सुटलात तरी खूप झालं. आणि डोकं खरोखर पडतं ते त्याच सभेत याज्ञवल्क्याशी वाद घालणाऱ्या शाकल्याचं, म्हणजे पुरुषाचं. माझा सिद्धांतच कोसळला. आठवडाभर मी वही उघडली नाही.

मग सहाव्या अध्यायात अडखळले. मुलगी पंडिता व्हावी असं वाटत असेल तर नवराबायकोने तूप घालून तिळाचा भात खावा, असं तिथे सरळ लिहिलंय. (पंडित मुलगा हवा तर मांसाचा भात. जेवणातसुद्धा फरक आहेच.) मी खूश! खाली शांकरभाष्य, म्हणजे शंकराचार्यांची टीका, पाहिली : ‘दुहितुः पाण्डित्यं गृहतन्त्रविषयमेव, वेदेऽनधिकारात्’. मुलीचं पांडित्य घरकामापुरतंच, कारण वेदाचा तिला अधिकार नाही. मूळ ग्रंथात मुलाला आणि मुलीला शब्द एकच. भाष्यकारांनी त्यातला मुलीचा तेवढा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आणि गार्गीच्या प्रश्नांवर गंभीरपणे लिहिणारे आचार्य तेच! माझा प्रबंध मग त्या ‘एव’वर, म्हणजे ‘पुरतंच’मधल्या ‘च’वर झाला. जुन्यातली सहा पानं उरली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “हा सामाजिक प्रश्न झाला. यात तत्त्वज्ञान कुठंय?”

घसा कोरडा पडला होता. म्हटलं, “सर, ब्रह्मसूत्रांतला पहिला शब्द ‘अथ’, म्हणजे ‘यानंतर’. त्यावर आचार्य सांगतात ते ब्रह्मजिज्ञासा करण्याआधी अंगी काय लागतं तेच. कोणी जाणायचं हा प्रश्न मी बाहेरून आणलेला नाही.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचा प्रश्न संदर्भसूचीतल्या ऱ्हस्व-दीर्घाचा होता.