कोल्हापूरला पोलीस कमिशनर कधी?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि तेव्हापासून हा प्रश्न जोरात आहे. "वकीलसाहेब, हायकोर्ट आलं, आता पोलीस कमिशनर कधी? सोलापूरला आहेत, पिंपरी-चिंचवडला २०१८ ला झाले. आम्हीच काय कुणाचं घोडं मारलंय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: मला आयुक्तालय नको आहे.

मानाचा मुद्दा असेल तर तो आपल्याकडे आहेच. कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक इथेच बसतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण या पाचही जिल्हा पोलीस दलांचे ते वरिष्ठ. जिल्ह्याचे एसपी त्यांच्या हाताखाली, मग अप्पर अधीक्षक, डीवायएसपी आणि ठाणी. शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी ही त्यातली रोज कानावर पडणारी नावं. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि आपण मुंबई राज्याच्या या जिल्हा पद्धतीत आलो.

आयुक्तालय झालं की पाटी बदलते, पण खरा बदल होतो तो तडीपारीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार करता येतं. आपल्याकडे पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि निर्णय प्रांत, म्हणजे महसूल खात्याचे उपविभागीय दंडाधिकारी, घेतात. आयुक्तालयात प्रस्ताव पोलिसांचा आणि हुकूमही पोलिसांचाच.

ही फाइल कशी असते ते बघा. वर गुन्ह्यांचा तक्ता: मारामारी, शिवीगाळ, धमकी. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'न्यायप्रविष्ट'. खाली दोन गोपनीय जबाब, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब', नाव-पत्ता काही नाही. कधीकधी दोन्ही जबाबांतली वाक्यं शब्दशः सारखी. ज्याला नोटीस आली तो शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, सोबत आई, तिच्या पिशवीत पगाराच्या पावत्या. प्रांत विचारतात, "हा गुन्हा इतका जुना, मग आत्ता भीती कशाची?" ठाण्याच्या अंमलदाराला उत्तर द्यावं लागतं. हा प्रश्न दुसऱ्या खात्याच्या माणसानं विचारणं मला फार मोलाचं वाटतं. गणपतीच्या तोंडावर फायलींचा ढीग लागतो, घाईत सह्याही होतात, मग आम्ही शासनाकडे अपिलात जातो. तरी विचारणारा कुणीतरी असतो.

तडीपारी नकोच, असं मी म्हणत नाही. व्याजाच्या पैशासाठी माणूस घरातून उचलून नेणारे या जिल्ह्यात आहेत. त्यांना बाहेर काढलंच पाहिजे, आणि पुरावा दिसला की प्रांत काढतातही.

माणसानं कुठं राहावं, कुठं जावं यावर सरकारनं हात ठेवला की काय होतं, हे कोल्हापूरनं फार आधी ओळखलं. काही जाती-जमातींना गुन्हेगार ठरवून त्यांची हजेरी घेतली जायची. गुन्हा काही नसला तरी पोटामागं परगावी जाता येईना. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातली ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. देशात गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. या गावात राहून तडीपारीचा अधिकार एकाच खात्याच्या हाती द्या म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुमचं दुखणं मला कळतं. तक्रार द्यायला गेलं तर ठाण्यात माणूस नसतो. अंबाबाईचं नवरात्र, जोतिबाची यात्रा, विसर्जन, दोन तालमींची, म्हणजे पेठांतल्या मंडळांची, फुटबॉल मॅच, सगळ्या बंदोबस्ताला तेच शिपाई आणि तेच हवालदार. रात्रभर पापाची तिकटी चौकात उभा राहिलेला माणूस सकाळी तपासाला निघतो. आयुक्तालय आलं की पदं वाढतील, असं लोक म्हणतात. मग सरळ पदंच मागूया ना. ठाणेनिहाय मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज मी फुकट लिहून देतो, फक्त तालमीच्या लेटरहेडवर नको, एखाद्या नागरिकाच्या नावानं करा.