सतरा नंबरचे पोर्ट

करूळ घाटात दरड कोसळल्याची बातमी आणि घाटाखालच्या एका माध्यमिक शाळेचा फोन एकाच सकाळी आला. मी कोल्हापुरात राहून काही शाळांच्या नेटवर्कची देखभाल करतो. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम त्या शाळेत अगदी शेवटच्या टप्प्यात होते आणि नेमके कार्यालयातील संगणकावर इंटरनेट बंद पडले होते. ‘‘सर, लॅबमधले अर्धे संगणक चालतात, अर्धे नाहीत. लाइन गेली म्हणावं तर तसंही नाही,’’ असे लिपिक सांगत होते.

या शाळेत ब्रॉडबँडची लाइन मुख्य राउटरवर येते, राउटरपासून 24 पोर्टच्या, म्हणजे केबल खोचण्याच्या 24 जागा असलेल्या, स्विचवर जाते आणि तेथून लॅब, कार्यालय व शिक्षक कक्षात केबली फुटतात. संगणक सुरू झाला की तो ‘मला पत्ता द्या’ अशी हाक साऱ्या नेटवर्कमध्ये मारतो. तिला राउटरमधील डीएचसीपी सेवा उत्तर देते आणि आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधील त्या संगणकाचा पत्ता, याच्यासोबत बाहेर पडण्याचे दार, म्हणजे गेटवे, कोणते तेही कळवते. उत्तर देणारे दोन निघाले, तर ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचे संगणक साधारणपणे ऐकतो. अर्धी लॅब चालू आणि अर्धी बंद म्हटल्यावर मला हाच संशय आला.

घाट बंद असल्याने काम दुरूनच करायचे होते. ग्रामीण भागातील बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो, त्यामुळे बाहेरून शाळेच्या नेटवर्कमध्ये थेट शिरता येत नाही. म्हणून तेथील सर्व्हरच वायरगार्ड या व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीच्या, बोगद्यातून आमच्या कार्यालयाशी संपर्क साधतो आणि दर 25 सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवून ती वाट जागती ठेवतो. काही जण सोय म्हणून रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणक हाताळण्याच्या सोयीचे, 3389 हे पोर्ट (इथे केबलची जागा नव्हे, तर त्या सेवेचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार) सरळ इंटरनेटवर उघडे टाकतात. मुलांची माहिती ज्या यंत्रात आहे त्याच्या बाबतीत तर हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. सर्व्हरला कायमचा पत्ता दिलेला असल्याने या गोंधळाची झळ त्याला लागली नव्हती आणि मी काही क्षणांत आत पोहोचलो.

लिपिकांना मी इंटरनेट न चालणाऱ्या एका संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही पत्ता दाखवणारी आज्ञा द्यायला सांगितली. आमचे सगळे पत्ते 10 ने सुरू होतात. त्यांनी वाचून दाखवला तो 192.168.1.104, आणि गेटवे 192.168.1.1. म्हणजे नेटवर्कमध्ये दुसरा राउटर घुसला होता. मग ‘एआरपी’च्या, म्हणजे कोणता आयपी कोणत्या यंत्राचा हे दाखवणाऱ्या, यादीतून त्या गेटवेचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यांनी एकेक अक्षर उच्चारत सांगितला, मध्येच ‘बी की डी’ यावरून आमची थोडी झटापट झाली, आणि कोणते यंत्र कोणत्या पोर्टावर आहे हे नोंदणाऱ्या स्विचच्या तक्त्यात तो शोधताच समोर आले पोर्ट 17. खोल्यांतून येणाऱ्या केबली जिथे एकत्र येतात त्या पॅच पॅनेलवर चिठ्ठ्या चिकटवताना वेळ फार जातो म्हणून कुरकुर होते, पण त्या नोंदींमुळेच 17 म्हणजे शिक्षक कक्ष हे लगेच कळले. मी कोल्हापुरातूनच ते पोर्ट बंद केले. बंद पडलेले संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यांना योग्य पत्ते मिळाले आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत माहिती भरण्याचे काम मार्गी लागले.

शिक्षक कक्षात वाय-फाय पोहोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या संगणकांसाठीच्या जागेत, भिंतीवरची केबल खोचली होती. त्यामुळे तोही साऱ्या नेटवर्कला पत्ते वाटू लागला होता. ज्या मोबाइलला मुख्य राउटरचे उत्तर आधी मिळे, त्यावर इंटरनेट व्यवस्थित चाले, त्यामुळे त्यात काही वावगे असल्याची शंकाही कोणाला आली नाही. मला त्यात शिक्षकांचा दोष वाटत नाही, कारण त्यांची गरज खरी होती आणि नेटवर्क आखताना तिचा विचारच झालेला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केले. आता मुख्य राउटरच्या पोर्टाखेरीज दुसरीकडून पत्त्याचे उत्तर आले तर स्विच ते तिथेच अडवतो. शिक्षक कक्षासाठीचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारे यंत्र, मात्र दुरून बसवता येण्याजोगा नव्हता. घाट सुरू झाल्यावर मी तो घेऊन गेलो आणि शिक्षकांचे मोबाइल कार्यालयाच्या संगणकांपासून वेगळे राहावेत म्हणून त्याला स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क, दिले.